गाडी आतून पाईपनं धुवू नका

माननीय संपादक साहेब, सप्रेम नमस्कार.

मी वडगावात राहते, तुमचा पेपर आमच्याकडे सासऱ्यांच्या तरुणपणापासून येतोय पण पत्र मी पहिल्यांदाच लिहितेय. विषय घरगुती आहे, तरी ह्या पावसात आपल्याकडे किती जणांच्या गाड्या आतून कुजत असतील ह्या विचारानं राहवलं नाही.

गेल्या दसऱ्याला आमच्या घरात पहिली गाडी आली. सेकंड हँड, केए 22 पासिंगची, सव्वादोन लाखाला, निम्मे पैसे माझ्या भिशीचे आणि निम्मे ह्यांच्या सोसायटीच्या कर्जाचे. कपिलेश्वराला नेऊन पूजा केली, चाकाखाली लिंबू ठेवलं, सासरे पुढच्या सीटवर बसले आणि दोन मिनिटं काहीच बोलले नाहीत, मग म्हणाले, "पोरी, आता दवाखान्याला भिजत जायला नको." त्यांच्या गुडघ्यामुळंच तर गाडी घेतली होती.

आषाढात भात लावणीला माहेरी जांबोटीला गेलो. तिकडची लाल माती तुम्हाला माहीत आहेच, एकदा कपड्याला लागली की चार धुण्यात पण जात नाही, आणि आम्ही सगळे चिखलाच्या पायांनी गाडीत बसून आलो. दुसऱ्या दिवशी ह्यांनी गाडी एका वॉशिंग सेंटरला दिली. तिथल्या पोरानं चारी दारं उघडून आत प्रेशरचा पाईप मारला, वरवर पुसून, सेंटचा फवारा मारून गाडी चकचकीत करून दिली. आम्ही पण खूष झालो. दहा-बारा दिवसांनी आत ओल्या पोत्यासारखा वास यायला लागला, मागच्या सीटबेल्टवर पांढरी बुरशी दिसली, आणि सासरे गाडीत बसले की खोकायला लागले.

मग मी स्वतःच बसले. दाराच्या खालची प्लास्टिकची पट्टी क्लिपावर बसवलेली असते, ती हळू वर ओढली की कार्पेटची कड सुटते. कार्पेट वरून हाताला कोरडं लागत होतं, पण त्याच्या खाली जाड फेल्ट असतं ते दाबल्यावर बोटांच्या फटीतून चहाच्या रंगाचं पाणी आलं. तेच पाणी इतके दिवस पत्र्यावर साचून होतं आणि एका कोपऱ्यात गंजाचा डाग पण धरला होता. वायरिंग पण ह्याच कार्पेटखालून जातं हे मला तेव्हा कळलं. तुमच्याच पेपरची रद्दी घड्या घालून फेल्टखाली सरकवली, दर दोन तासांनी बदलली, प्रत्येक घडी भिजून जड होऊन बाहेर यायची. रात्री टेबल फॅन दारात लावून ठेवला, सकाळी ऊन पडलं की चारी दारं उघडी. तीन दिवस लागले, चौथ्या दिवशी वास गेला.

सीट पुढं-मागं करताना खाली एक पिवळा प्लग दिसला, मी तो काढायला गेले तर उद्यमबागला गॅरेजमध्ये असणारे माझे भावोजी ओरडले, "वहिनी, त्याला हात लावू नका!" पिवळे प्लग एअरबॅगचे नाहीतर बेल्ट आवळणाऱ्या यंत्राचे असतात, ते घरी सोडवायचे नसतात. हे सगळ्यांना माहीत असायला पाहिजे म्हणून मुद्दाम लिहिलं.

तेव्हापासून दर रविवारी मी गाडी आतून साफ करते आणि एवढ्याला अर्धी बादली पाणी पण लागत नाही. आधी सगळं कोरडं काम. रबरी मॅट बाहेर काढून झटकायच्या, एसीच्या जाळीतली धूळ रंगाच्या एक इंची ब्रशनं काढायची, सीटच्या रुळातली माती जुन्या टूथब्रशनं, मग घरातला व्हॅक्यूम. धूळ असतानाच ओलं फडकं फिरवलं की तिचाच चिखल होऊन कोपऱ्यात बसतो. नंतर पाण्यात भांड्याच्या लिक्विडचे चार थेंब, फडकं घट्ट पिळून पुसायचं आणि लगेच दुसऱ्या कोरड्या फडक्यानं. पाणी, लिक्विड काहीही असू दे, फडक्यावर घ्यायचं, डॅशबोर्डच्या बटणांवर थेट मारायचं नाही. सीटबेल्ट पूर्ण बाहेर ओढून वर चिमटा लावायचा, साध्या साबणाच्या पाण्यानं पुसायचा आणि वाळल्याशिवाय आत सोडायचा नाही. त्याला ब्लीच तर अजिबात नको, पट्ट्याचे धागे कमजोर होतात आणि तो पट्टा आपल्या जिवासाठी असतो. चकाकी आणणारा पॉलिश स्टेअरिंगला आणि पॅडलला लावायचा नाही, पाय घसरतो.

पोरांनी मागच्या सीटवर कुंदा सांडला होता, त्यातलं तूप कापडात मुरलेलं. त्यावर टाल्कम पावडर टाकून रात्रभर ठेवली, सकाळी ब्रशनं झाडली, दोन वेळा केल्यावर डाग गेला. दूध सांडलं तर मात्र ताबडतोब गार पाण्याच्या फडक्यानं टिपून घ्या, नाहीतर आठ दिवस गाडीत बसवणार नाही.

एसीचं पण सांगते. पुष्कळ गाड्यांत ग्लोव्ह बॉक्सच्या मागं हवेचा फिल्टर असतो, आमच्या गाडीचा काढला तर त्यात वाळकी पानं आणि मेलेले डास निघाले, नवीन बसवल्यावर सासऱ्यांचा खोकला पण कमी झाला. घर जवळ आलं की एसी बंद करून नुसता पंखा चालू ठेवला तर आतली कॉईल वाळते आणि आंबूस वास धरत नाही. आणि शेजारी बसणाऱ्याच्या पायाशी पाणी ठिबकत असेल तर बहुतेक एसीची पाणी जायची नळी तुंबलेली असते.

आणखी एक गोष्ट मनाला फार लागते. गोव्याला जाताना कणकुंबीच्या पुढं चोर्ला घाटात लोक गाडी थांबवून आतला कचरा बाहेर टाकतात, बाटल्या, वेफर्सची पाकिटं, पोरांचे डायपर सुद्धा. कणकुंबी म्हणजे मलप्रभेचा उगम, सगळं जंगल आहे तिथं. दाराच्या कप्प्यात एक कापडी पिशवी ठेवली की घरापर्यंत सगळा कचरा नीट येतो, आमचा येतो.

वॉशिंग सेंटरवाल्या भावांना विनंती आहे, तुमच्या पोटावर पाय द्यायचा माझा हेतू नाही, बाहेरून खुशाल धुवा, पण आत पाईप मारायच्या आधी मालकाला विचारा. आणि ज्यांनी नवीन गाडी घेतलीय त्यांनी एकदा तरी कार्पेटखाली हात घालून बघा. गणपती जवळ आलेत, त्या आठवड्यात धुवायला गाड्यांची रांग लागते, म्हणून जमलं तर त्याच्या आधी हे पत्र छापा.

आपली एक वाचक,
वडगाव, बेळगाव