पावसात कागद वाळत नाही

महोदय,

जलरंगचित्रांवरचा आपला लेख आवडला, पण त्यात हवेचा उल्लेखच नव्हता. मी वेंगुर्ल्याच्या बंदरावर बसून चित्रं काढतो. आषाढात आकाशाचा पहिला हात लवकर वाळतच नाही; घाईने त्यावर होडी काढली की तिची नाळ (पुढचं टोक) विरघळून ढगात जाते. मे महिन्यात उलट, ब्रश टेकवेपर्यंत कागद कोरडा! म्हणून पावसाळ्यात ढग ओल्यातच सोडतो, होड्या दुसऱ्या दिवशी. फेसाला पांढरा रंग लावत नाही, तिथे कागदच कोरा राखतो. (चुकून ब्रश फिरला की संपलं.)

हातात दिवा घेतलेल्या स्त्रीचं ‘ग्लो ऑफ होप’ हे चित्र जलरंगात रंगवणारे चित्रकार सावळाराम हळदणकर आमच्या शेजारच्या सावंतवाडीचे. ते चित्र बघायला मात्र म्हैसूर गाठावं लागतं. निदान त्याची चांगली प्रत इथल्या शाळांत लागावी.

– एक वाचक, वेंगुर्ले