काका, तुम्ही जमिनीवर बसलात म्हणून

काका, सादर नमस्कार.

समोर येऊन आभार मानायला लागले की तुम्ही ‘अगं, त्यात काय एवढं’ म्हणता आणि चहाचं विचारता. दोनदा तसंच झालं. म्हणून आज सगळ्यांना दिसेल असं लिहिते आहे.

गेल्या एप्रिलमध्ये आम्ही नाशिकहून बडोद्याला आलो, तेव्हा अख्खा प्रवास माझ्या मुलाच्या मांडीवर एक कुंडी होती. चार इंचांची, आत एचेव्हेरिया, राखी-हिरव्या जाड पानांचं छोटं कमळच म्हणा. निघायच्या आदल्या संध्याकाळी त्याच्या मित्राने साठवलेल्या पैशांतून ते आणून दिलं होतं. नवं गाव, नवी शाळा, वर्गात सगळे गुजरातीत बोलणारे. दहा वर्षांचं पोर हळूहळू बोलेनासं झालं. शाळेतून आला की दप्तर न उतरवता आधी कुंडीपाशी जायचा.

इथल्या एका नर्सरीत विचारलं, तर ‘सक्युलंट ना? भरपूर ऊन द्या’ एवढंच उत्तर. झाड आतापर्यंत कुठे होतं, हे कुणी विचारलं नाही. आम्ही मे महिन्यात ते गच्चीवर, म्हणजे तुम्ही ज्याला अगाशी म्हणता तिथे, नेऊन ठेवलं. तिसऱ्या दिवशी पानांवर तपकिरी चट्टे पडले. भाजलेलं पान पुन्हा नीट होत नसतं, हे आम्हाला कोण सांगणार? चट्टे गेले का, हे तो रोज सकाळी बघायचा. पुन्हा नर्सरीत गेले, तर मान वर न करता उत्तर आलं, ‘मग आत ठेवा, इनडोअरच आहे ते.’ आत ठेवलं, पुस्तकांच्या कपाटाच्या खालच्या फळीवर. पावसाळाभर ते उजेडाच्या दिशेने मान काढत राहिलं. दिवाळीपर्यंत दोन पानांमधून बोट जाईल इतकं अंतर पडलं, देठ उघडा झाला आणि रंग उडाला. घरी येणारा-जाणारा म्हणे, ‘ऐंशी रुपयांचं झाड, दुसरं आणा.’ एकदा मीही म्हटलं. तेव्हाचा त्याचा चेहरा आठवला की अजून लाज वाटते.

तुम्ही खाली तुमच्या ओट्यावर पेपर वाचत होतात. तो कुंडी घेऊन जिना उतरला, आणि तुम्ही झाडाकडे बघायच्या आधी त्याला विचारलंत, ‘हे राहतं कुठं? जागा दाखव मला.’

गुडघा धरून, कठड्याचा आधार घेत तुम्ही तीन मजले चढून आलात. मी खुर्ची पुढे केली, ती तुम्ही बाजूला सारलीत. भिंतीला हात टेकून फरशीवर बसलात, डोळे कुंडीच्या उंचीला आणलेत आणि त्याला म्हणालात, ‘ये, बस इथं. झाडाच्या जागेवरून आभाळ किती दिसतं, सांग बघू.’

तो बसला. मान वाकडी करून बराच वेळ बघत राहिला. तुम्ही घाई केली नाहीत. शेवटी म्हणाला, ‘नाही दिसत. पलंग दिसतो, आणि समोरची भिंत.’

‘मग त्यानं जेवायचं काय?’

बाकी सगळं मी विसरेन काका, पण तुम्ही त्याच्या उत्तराची वाट बघत बसला होतात ते विसरणार नाही. त्या सात-आठ महिन्यांत त्याला प्रश्न विचारून थांबलेला माणूस भेटलाच नव्हता. नर्सरीत नाही, शाळेत नाही, आणि खरं सांगायचं तर घरातही नाही.

मग तुम्ही कोरा कागद मागवलात आणि त्यावर हात धरून सावली दाखवलीत. फळीवर सावलीला आकारच नव्हता, खिडकीत पाच बोटं पाच रेघांसारखी उमटली. खोली आपल्याला उजळ वाटते कारण डोळा सांभाळून घेतो. उजेड लक्समध्ये मोजतात; भर दुपारी बाहेर तो लाखभर लक्स असतो आणि घरात काही शेच, हे मला त्या दिवशी कळलं. भिंतीवरची त्याची चित्रं बघून तुम्ही असंही सांगितलंत, की या झाडाला १८२८ मध्ये मिळालेलं नाव अतानासिओ एचेव्हेरिया या मेक्सिकोच्या चित्रकाराचं आहे, तो झाडांची चित्रं काढायचा. पोराने मान वर केली ती तेव्हा.

लांबलेला देठ पुन्हा आखूड होत नाही, शेंडा कापावा लागेल, असं तुम्ही म्हणालात तेव्हा माझ्या पोटात गोळा आला. तुम्ही मात्र मला नाही, त्याला विचारलंत, ‘कापू ना?’

आणि ते खडू! बडोदं कर्कवृत्ताच्या जरा खाली, साधारण २२ अंश उत्तर अक्षांशावर. म्हणून डिसेंबरात दुपारचा सूर्य दक्षिणेला क्षितिजापासून ४४ अंशांपर्यंतच चढतो आणि आमच्या दक्षिणेच्या खिडकीतून ऊन थेट आत शिरतं. जूनमध्ये तो डोक्यावर येतो, काही आठवडे तर उत्तरेकडे कलतो, तेव्हा त्याच खिडकीत उन्हाचा कवडसाही नसतो. हे तुम्ही तोंडी सांगून सोडलं नाहीत, त्याच्या हातात खडू दिलात. दर रविवारी साडेबाराला ऊन जिथपर्यंत येईल तिथे फरशीवर रेघ मारायची आणि तारीख घालायची. फरशी पुसायला येणाऱ्या मावशीसुद्धा त्या रेघा चुकवून पुसायला लागल्या. १४ जानेवारीला, सगळं गाव अगाशीवर पतंग उडवत असताना, तो आधी खाली वाकून रेघ मारून आला. २१ डिसेंबरच्या रेघेपेक्षा ती चार-सहा बोटं खिडकीकडे सरकलेली. सूर्य तीन आठवड्यांपूर्वीच वळलाय, हे त्याने शाळेत उभं राहून सांगितलं. गुजरातीत. बाईंनी मला फोन केला, आणि मी स्वयंपाकघरात रडत उभी राहिले.

माणसं ज्ञान पुष्कळ वाटतात, काका. समोरच्याची जागा बघायला जिना चढून येणारी थोडी असतात. तुमच्या आईवडिलांनी तुम्हाला कसं वाढवलं असेल, असं मनात येतं आणि त्यांनाही नमस्कार करावासा वाटतो.

कापून लावलेल्या शेंड्याने मुळं धरली आहेत. ऊन रोज थोडं थोडं वाढवत नेलं, आता पानं पुन्हा घट्ट बसली आहेत आणि कडा गुलाबी दिसतात. उरलेल्या खुंटाला तीन पिल्लं फुटली आहेत. मे महिन्यात नाशिकला जाऊ तेव्हा एक त्या मित्राला द्यायचं, एक घरी ठेवायचं. तिसरं तुमचं.

काल तुम्ही देवळात गेला होतात, तेव्हा हा तुमच्या ओट्याच्या पूर्वेकडच्या कोपऱ्यात मांडी घालून बसला होता. मी वरून बघत होते. बऱ्याच वेळाने वर आला आणि म्हणाला, ‘आई, आजोबांच्या इथून आभाळ दिसतं. कडुलिंबाच्या वर, एवढं.’ आणि दोन्ही हात पसरून दाखवलं.

आपली,
तिसऱ्या मजल्यावरची