प्लेट घ्यायची तर काळी घे

अमळनेर
८ डिसेंबर

प्रिय सुभाष,

कसा शेस भाऊ? तू विकत घ्यायची म्हणतोस त्या प्लेटचे, म्हणजे बेसबॉल खेळाडूंची जमवायची कार्डं ज्यावरून छापतात त्या पत्र्याचे, फोटो माझ्या छापखान्यात मशीनवरच्या पोरालाही दाखवले. तो म्हणे, "दादा, हे तर आपण किलोवर विकतो!" खोटं नाही. लग्नसराई सरली की लग्नपत्रिकांच्या प्लेटांचा ढीग लागतो आणि भंगारवाला तराजू घेऊन हजर होतो. तुझ्या अमेरिकेत त्याच ॲल्युमिनियमच्या पत्र्यावर बेसबॉलवाल्याचा चेहरा असला की तो शोकेसमध्ये जातो.

आधी तुझी शंका मिटवतो. नाव सरळ वाचता येतंय म्हणून प्लेट नकली, असं तुला सांगणाऱ्याच्या डोक्यात जुना छापखाना आहे. ट्रेडलच्या, म्हणजे पायाने चालवायच्या छपाई यंत्राच्या काळात अक्षराचा खिळा थेट कागदावर दाबला जायचा, म्हणून त्यावरचं अक्षर उलटं. हल्लीच्या ऑफसेट छपाईत प्लेट कागदाला शिवतच नाही. शाई आधी रबरी चादरीवर, म्हणजे ब्लँकेटवर उतरते, तिथे चित्र उलटं होतं आणि कागदावर पुन्हा सुलटं येतं. प्लेट सरळच असायला हवी. अर्थात तेवढ्यावरून ती खरी ठरत नाही. मागचं कंपनीचं स्टिकर नीट बघून घे.

आता प्लेटवरच्या त्या '१/१' बद्दल, म्हणजे 'जगात एकच' या दाव्याबद्दल. कार्डं एकेक छापत नाहीत. मोठ्या प्लेटवर कितीतरी कार्डं शेजारी-शेजारी असतात, आणि सायन (निळा), मॅजेंटा (गुलाबी), पिवळा, काळा अशा प्रत्येक रंगाची प्लेट वेगळी. काम झालं की ती कार्डाच्या मापात कापायची, स्टिकर लावायचं आणि विकायच्या कार्डांच्या एखाद्या पाकिटात घालायची. म्हणजे 'जगात एकच' असे तुकडे एकाच चेहऱ्याचे चार! पाठची बाजूही विकायला काढली तर आणखी. धंद्याचं डोकं म्हणायचं. पण खोटंही नाही, प्रत्येक प्लेट खरंच वेगळी असते.

माझं ऐकशील तर काळी घे. डोळे, भुवया, टोपीखालची सावली सगळं काळ्यातच उतरतं. पिवळीत चेहऱ्याचा नुसता भास. आणि भिंग लावून बघ, चित्र बारीक ठिपक्यांचं दिसेल. काळ्याचे ठिपके सहसा ४५ अंशांत तिरपे असतात, बाकी रंगांचे वेगळ्या कोनांत. सगळे एकाच कोनात ठेवले आणि जुळणी जराशी हलली तरी रंग बिघडतो. हे बघायला मिळतं म्हणून मला प्लेट कार्डापेक्षा जास्त आवडते. कार्डावर खेळाडू दिसतो, प्लेटवर आमचं काम.

बाजार मात्र माझ्यासारखा विचार करत नाही. टॉप्स या कार्ड कंपनीचं १९५२ चं, बेसबॉलपटू मिकी मँटलचं एक कार्ड २०२२ मध्ये १ कोटी २६ लाख डॉलरला गेलं. त्या कार्डाच्या प्रती आणखीही आहेत, पण एवढी कोरी राहिलेली क्वचितच. उलट एकमेव असलेली प्लेट बऱ्याचदा त्याच खेळाडूच्या सही केलेल्या कार्डापेक्षा स्वस्तात मिळते. लोकांना देखणा, रंगीत चेहरा हवा असतो. करड्या पत्र्यावरचा फिका चेहरा कोण भिंतीवर लावणार? तुझ्यामाझ्यासारखे दोन येडे. त्यामुळे पुढे भाव येईल म्हणून घेणार असशील तर राहू दे.

घेतलीसच तर पितांबरी लावून चकचकीत करू नकोस! कडेला राहिलेली शाई हीच तिची ओळख, ती घासलीस तर उरेल नुसता पत्रा. घामट हातही लावू नकोस. आम्ही प्लेट पुन्हा वापरायची असली की तिच्यावर गम, म्हणजे डिंकाचं पाणी फिरवून ठेवतो, नाहीतर हवेने पत्रा खराब होतो. तू आपली कोरड्या, सपाट पाकिटात ठेव.

चारही जमवायच्या नादाला लागण्याआधी वहिनींना विचार, मला मध्ये ओढू नकोस. थंडीत येणार असशील तर काळी प्लेट सोबत आण. इकडे वांगी चांगली आली आहेत. भरीत आणि कळण्याची भाकरी आमच्याकडे, भिंगही माझंच.

तुझा,
दिलीप