खाटल्यावरचा हरी

चि. सोनूस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

परवा व्हिडिओ कॉलवर तू पाहिलंस ते खरं आहे. पंखा दुरुस्त करून झाला, बटण दाबायचं तेवढं राहिलं, आणि मी डोळे मिटून ओठ हलवले. तू खो खो हसलीस. "बाबा, वायरिंग तूच केलंयस ना? मग देवाला कशाला मधे घेतोस?" तेवढ्यात पंखा सुरू झाला आणि त्याच्या खडखडाटात उत्तर राहून गेलं. म्हणून हे पत्र. उत्तर सरळ रस्त्याने येणार नाही, पण त्याची तुला लहानपणापासून सवय आहे.

माझी वही अजून चालू आहे. पुढून माझे शोध, मागून आईचा हिशेब. कधीतरी दोघं मधल्या पानावर समोरासमोर येऊ आणि आईचे आकडे जिंकतील. यंदाची मोठी भर म्हणजे विसरून निघालं की खाकरणारी छत्री. नुसत्या शिट्टीने भागणार नाही, तिच्यात आईचा आवाज भरायचा: "अहो, काही विसरलात का?" आईने साफ नकार दिला. म्हणाली, माझा आवाज कानावर पडला की तुम्ही मागे न बघता चालू लागता, छत्री कायमची जाईल. दुसरा शोध तीन-तीनच्या जोडीत विकायच्या मोज्यांचा. (तिघांची जोडी कशी, हे तुझ्या आईने विचारून झालंय.) त्याला यंत्रच लागत नाही, फक्त एक मोजा हरवणार हे मान्य करायला लागतं.

गरज ही शोधाची जननी म्हणतात. बापाचं नाव मात्र कुणी घेत नाही. तो आळस. 'असेल माझा हरी, तर देईल खाटल्यावरी' ही म्हण लोक टोमणा म्हणून मारतात, मी ती आराखडा म्हणून वाचतो. रिमोट कंट्रोल म्हणजे दुसरं काय आहे? तिबेटी लोकांनी तर भक्तीचाही प्रश्न सोडवून ठेवलाय. मंत्र लिहिलेली गुंडाळी आत घातलेलं चक्र फिरवलं की जप झाला, आणि त्यातली काही चक्रं ओढ्याच्या पाण्यावर आपोआप फिरतात. भक्त गाढ झोपलेला आणि जप चालू! असं काही माझ्या वहीत असायला हवं होतं.

त्याच ईर्ष्येने मी गेल्या महिन्यात प्रार्थनेचा मीटर केला. केला म्हणजे काय, दारावर माणसं मोजायला वापरतात ते टिकटिक करणारं काउंटर आणलं. दहा मिनिटं देवापुढे बसायचं आणि मन भरकटलं की एक टिक. आकडा आला 41. त्यातल्या पहिल्या काही टिका पाण्याच्या पंपाच्या होत्या, बंद केला की नाही? उरलेल्या बहुतेक काउंटरच्याच, आता किती झाल्या? मी हे आईला मोठ्या नम्रतेने सांगितलं. मला वाटलं, ती काहीतरी गोड बोलेल. ती म्हणाली, "इतक्या वेळा पंप आठवला आणि एकदाही उठला नाहीत?" टाकी वाहून अंगणात तळं झालं होतं.

मन भरकटण्याची बाजू घ्यायला माझ्याकडे एक साक्षीदार आहे, अमेरिकेतल्या 3M कंपनीतला आर्ट फ्राय. त्याच्याच कंपनीतल्या स्पेन्सर सिल्व्हरने 1968 मध्ये धड न चिकटणारा गोंद तयार करून ठेवला होता. त्याचं करायचं काय, ते कुणालाच सुचत नव्हतं. फ्राय चर्चमध्ये गायचा आणि त्याच्या गाण्यांच्या पुस्तकातल्या खुणेच्या चिठ्ठ्या सारख्या गळून पडायच्या. 1974 मध्ये एकदा प्रवचन चालू असताना त्याला तो निकामी गोंद आठवला. 1980 पासून त्या चिकटवून काढता येणाऱ्या पिवळ्या चिठ्ठ्या, म्हणजे पोस्ट-इट, अमेरिकेत सगळीकडे मिळायला लागल्या. त्या दिवशी त्याने मन लावून प्रवचन ऐकलं असतं, तर तुझ्या अभ्यासाची भिंत आज कोरी असती. माझ्या 41 टिकांमधून मात्र तळंच निघालं.

आता तुझ्या प्रश्नाकडे येतो. पहिल्या शतकात अलेक्झांड्रियात हेरॉन नावाचा एक इसम होऊन गेला. आपल्या जातकुळीतला, फक्त त्याची यंत्रं चालायची. नाणं टाकलं की पवित्र पाणी देणारं यंत्र त्याने लिहून ठेवलंय. नाण्याच्या वजनाने तरफ कलते, झडप उघडते, नाणं घसरून पडलं की पाणी बंद. त्याहून मला आवडते ती देवळाच्या दारांची रचना. वेदीवर अग्नी पेटवला की खालची हवा तापून फुगते, ती पाणी एका भांड्यात ढकलते, भांडं जड होऊन खाली जातं, दोर ओढले जातात आणि दारं आपोआप उघडतात. अग्नी विझला की बंद. असं देऊळ खरंच उभं राहिलं असेल, तर बाहेरच्या भक्तांचं काय होत असेल ते सांगायला नको. मी विचार करतो पुजाऱ्याचा. खाली दोर आहेत, भांडं आहे, हे त्याला पक्कं ठाऊक. दारं उघडताना त्याचे हात जुळत असतील का?

माझे जुळतात. वायरिंग मी केलंय, म्हणूनच जुळतात. दुसऱ्याने केलं असतं तर बिनधास्त बटण दाबलं असतं. कुठला जोड घाईत पिळला, कुठे टेप संपत आली होती, हे सगळं मला माहीत असतं.

आणि तू स्वतःला नास्तिक म्हणवतेस, पण लिफ्टचं बटण पाच वेळा दाबताना मी तुला पाहिलंय. न्यूयॉर्कमध्ये रस्ता ओलांडायची सुमारे सव्वातीन हजार बटणं होती. त्यातली अडीच हजारांहून जास्त कधीच निकामी झाली होती, कारण सिग्नल संगणकावर चालत होते. ही बातमी 2004 ची. लोक मात्र रोज बटण दाबून उभे राहायचे आणि दिवा हिरवा व्हायचाच. त्यांना हसू नकोस. डबाबंद अन्नाचं पेटंट इंग्लंडमध्ये 1810 साली निघालं आणि डबा उघडायचं हत्यार यायला जवळजवळ अर्धं शतक गेलं. तोवर छिन्नी-हातोडा! आत नक्की काहीतरी आहे, या भरवशावर माणसं पन्नास वर्षं पत्रा ठोकत होती.

पंख्याचा आवाज अजून येतो. तिसरं पातं किंचित वाकडं आहे, ते मलाही माहीत आहे आणि ज्याला मधे घेतलं त्यालाही. दोघांपैकी कुणीच स्टुलावर चढलेलं नाही.

आईचा आशीर्वाद.

तुझा,
बाबा

ता. क. छत्रीचा नमुना तुझ्याकडे पाठवतोय. आवाज शेवटी माझाच भरला. जिने उतरताना उगीच खाकरली तर घाबरू नकोस, हातातच आहे ना एवढं बघ.