पिल्लांवरच्या मरळीचा फोटो कशाला छापता?

मा. संपादक साहेब,
स.न.वि.वि.

मागच्या आठवड्यात आपल्या पेपरच्या जिल्ह्याच्या पानावर एक फोटो आलता. पंचविशीतला पोरगा, दोन्ही हातात आडवी धरलेली मरळ, आणि वर हेडिंग 'गळाला लागला अजस्त्र मासा', वजन पाच किलो. पोराच्या तोंडावरचा आनंद बघून मलाबी बरं वाटलं, खोटं कशाला बोलू, मी स्वतः चाळीस वर्षं गळ टाकतोय. पण खालची बातमी वाचली आणि कपातला चहा गार झाला. त्यात लिहिलंय की तलावाच्या कडंला पाण्यावर लाल पिल्लांचा थवा वळवळताना दिसला, तिथं गळ लावलेला रबरी बेडूक फेकला आणि तिसऱ्या फेकीतच मासा गावला. बातमीदारानं हे पोराची हुशारी म्हणून लिहिलंय. साहेब ती हुशारी नाही हो, ते पाळण्यापाशी बसलेल्या बापाला उचलून नेणं आहे.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. कटला, रोहू पुराच्या पाण्यात अंडी टाकतात आणि निघून जातात, पुढचं नशीब. मरळीचं तसं नाही. ती कडंच्या गवतात, लव्हाळ्यात जागा साफ करती, तिथं अंडी वर तरंगतात, आणि पिल्लं निघाली की नर-मादी त्यांच्या खाली गस्त घालत राहतात. पिल्लं शेंदरी-लाल असतात, शेकड्यानं एकत्र, पाण्यावर मूठभर कुंकू सांडल्यासारखी दिसतात. सारखी वर येऊन खाली जातात म्हणून लांबून पाणी उकळल्यासारखं वाटतं. त्या थव्यावर काहीबी टाका, बेडूक टाका नाहीतर चप्पल टाका, खालची मरळ धावून येणार. तिला भूक नसती, राग असतो. म्हणून तर ती तिसऱ्या फेकीला गावली. एरवी शहाण्या मरळीला गळाला लावायचं म्हणजे दिवस दिवस पाय भिजवत बसावं लागतं.

हे मला कसं माहीत, तर मी हे पाप केलंय. आमच्याकडं गोदावरीला सगळे गंगाच म्हणतात, तर त्या गंगेच्या काठच्या एका डोहात, मी अठरा-एकोणीस वर्षांचा असताना, आखाडात घरी पाहुणे येणार म्हणून जिवंत बेडकाचं पिल्लू गळाला लावून अशीच पिल्लांवरची मरळ काढली. दीड-दोन किलोची असंल. काढली आणि तिथंच दगडावर बिडी पेटवून बसलो. पिल्लांचा गोळा आधी तसाच फिरत होता, मग जरासा सैल झाला, मग एका कडंनी खळबळ. खालून कुठलातरी मासा येत होता आणि वरून खंड्या. खंड्यानं किती नेली ते मोजलं नाही पण बिडी दुसरी पेटवेस्तोवर पाण्यावरचं कुंकू पुसून गेलतं. घाटावरच्या एका म्हाताऱ्या भोयानं माझ्या हातातली मरळ बघून एवढंच विचारलं, "पिल्लावरची हाय का रं?" मी नाही म्हणलं. त्याला कळलं होतं.

तर हे सगळं मी विसरलो होतो, आठवण झाली कुठं तर पार अमेरिकेत. लेक-जावई डेट्रॉइटच्या जवळ राहतात, मागच्या वर्षी आम्ही दोघं नवरा-बायको तिकडं गेलतो. मला काही मॉल बिल बघायची हौस नाही, मी आपला बाल्कनीत. जावयाच्या शेजारी एक म्हातारा गोरा, त्याच्याकडं बोट, जावयानं सांगितलं की आमचे सासरे पण मासे धरतात. झालं, जूनच्या पहिल्या आठवड्यात एका दिवसाचं लायसन काढून मला सेंट क्लेअर लेकवर घेऊन गेले. लेक म्हणजे अर्धा अमेरिकेचा, अर्धा कॅनडाचा, हजार चौरस किलोमीटरच्या वर पसरलेला, पण खोली सरासरी साडेतीन मीटरच्या आतच, म्हणजे आपल्या विहिरीपेक्षा उथळ. पाणी असं की तळाचे गोटे दिसावेत.

तिथं स्मॉलमाऊथ बास नावाचा मासा आहे. नावात छोटं तोंड आहे पण ते नुसतं त्याच्या लार्जमाऊथ नावाच्या भावापेक्षा छोटं, त्याचा जबडा डोळ्याच्या मागं जातो, याचा नाही. बाकी अंगानं पितळी, उभे काळपट पट्टे, आणि डोळा लाल. थंड पाणी, दगडगोटे, वाहती धार असली की खूश. आपल्याकडं मरळीसाठी पोरं आता जे रबरी बेडूक ऑनलाइन मागवतात ना, ती वस्तू मुळात तिकडच्या बास धरणाऱ्या लोकांनी काढलेली, हे मला तिथंच कळलं.

म्हातारा म्हणला आज ट्रॉफी स्मॉलमाऊथ काढू. मी विचारलं केवढा? तर म्हणे पाच पौंड. हिशोब केला, सव्वादोन किलो! जगात जर्मनी भारतात परभणी म्हणणारा माणूस मी, आमच्याकडं दहा किलोचा कटला बाजारात पाटीत पडलेला असतो, त्यावर कोणी ढुंकून बघत नाही, आणि हे सव्वादोन किलोला ट्रॉफी म्हणतात. मला हसूच आलं. त्यानं जावयामार्फत मला समजावलं की बाबा, तुमचा कटला वर्षात किलोचा होतो, हा थंड पाण्यातला मासा आहे, वीस इंचाचा व्हायला याला आठ-दहा वर्षं लागतात, कधी जास्तच. तुम्ही वजन बघता, आम्ही वय बघतो. तवा मी गप झालो.

आणि धरायची पद्धत बघा. कुठंबी फेकत नव्हता. मोठा दगड, त्याच्या आडोशाला जिथं पाणी थबकतं तिथंच. गळाला ट्यूब नावाचा पोकळ रबरी तुकडा, मागं झालर, तळाला ओढला की हुबेहूब नांग्यांचा झिंगा सरपटतोय असं वाटतं, कारण तेच त्याचं खाणं. आता तिथं गोबी नावाचा परका मासाबी आलाय, 1990 ला पहिल्यांदा सापडला, जहाजांच्या पोटातल्या पाण्यातून आला म्हणतात, तो बासची अंडी खातो आणि मोठा बास त्याला खातो. (आपल्याकडच्या आफ्रिकन मांगूरची आठवण झाली, बंदी असून बाजारात गपचूप विकतातच की.) तर ट्यूब खाली जाऊ द्यायची, दोरी सैल, आणि ती जराशी बाजूला सरकली की समजायचं. झटका बसत नाही, नुसतं जड लागतं, चिंधी अडकल्यासारखं. मला लागला तवा मी म्हणलं दगडाला अडकलं, आणि दगडानं पाण्याबाहेर उडी मारली! दोन वेळा मारली. हात थरथरत होते साहेब, या वयात.

म्हाताऱ्यानं आधी स्वतःचे हात पाण्यात बुडवले मग मासा धरला, कोरड्या हातानं त्याच्या अंगावरचा बुळबुळीत थर निघतो म्हणे. पट्टीवर ठेवला, साडेएकोणीस इंच, एक फोटो, आणि सोडून दिला. मी म्हणलं अहो काय करता, लेक झकास रस्सा करील! तर कळलं की त्या लेकवर बास घरी न्यायचा हंगाम जूनच्या तिसऱ्या शनिवारी सुरू होतो, तोवर धरा आणि लगेच सोडा. नंतरबी चौदा इंचाच्या खालचा नेता येत नाही आणि माणशी दिवसाला पाच. बघायला कोणी उभं नव्हतं तिथं, तरी यानं सोडला.

पण मला लागलं ते वेगळंच. परतताना एका उथळ जागी त्यानं बोट थांबवली आणि बोट दाखवलं. तळाच्या बारीक खडीत थाळीएवढं गोल, स्वच्छ झाडल्यासारखं घर, आणि त्यावर एक बास घिरट्या घालतोय. तो नर. मादी अंडी टाकून जाते, अंडी फुटून पिल्लं पोहायला लागेस्तोवर राखतो तो बाप. त्याला उचलला की आजूबाजूचे मासे, गोबी, काही मिनिटांत घर साफ करतात. मासा चांगला मोठा होता, गळ टाकला असता तर गावला असता, राखणीचा मासा समोर येईल त्याला चावतो. म्हातारा म्हणला, "याच्यावर फेकायचं नाही", आणि मोटर चालू केली. काळी पिल्लं असतात म्हणे त्याची. आपली लाल, त्याची काळी, एवढाच फरक. मला तो डोह आठवला आणि भोयाचा प्रश्न.

तिकडचे सगळे संत आहेत असं मी म्हणत नाही. जगातला सगळ्यात मोठा स्मॉलमाऊथ 1955 ला टेनेसी-केंटकीच्या डेल हॉलो लेकवर धरला, 11 पौंड 15 औंस, म्हणजे पाच किलो चारशे. त्याच्या पोटात धातूचे तुकडे भरून वजन वाढवलं असा आरोप झाला, 1996 ला रेकॉर्ड काढून घेतला, आणि 2005 ला परत दिला! पन्नास वर्षं माशावरून भांडण. म्हणजे तिकडंबी लोक लोकच आहेत, फक्त मासा मोजायची आणि त्याचा महिना बघायची सवय लागलीय.

आता मुद्द्याचं. सुरुंगाचे तोटे उडवून आणि विष टाकून मासे मारायला 1897 च्या कायद्यापासून बंदी आहे, ती पाळतात किती ते मासोळी धरणाच्या कडंला राहणाऱ्याला विचारा (आमच्या तालुक्यात धरणाचं नावच मासोळी, त्यात मासोळी किती उरली तो वेगळा विषय). मी कायदा मागत नाही. ठेकेदाराच्या नाहीतर भोई बांधवांच्या पोटावरबी बोलत नाही, ते जाळं टाकून जगतात आणि पिल्लावरची मरळ घेऊ नये हे त्यांच्याच म्हाताऱ्यांनी आम्हाला शिकवलं. बोलतोय ते आमच्यासारख्या हौशी लोकांबद्दल, ज्यांच्या घरी त्या मरळीशिवायबी चूल पेटती. श्रावण आपण पाळतो, तवा आपोआप मासे वाचतात, पण त्याच्या आधी आखाडात, नेमकं पिल्लं काढायच्या दिवसात, पार्ट्यांसाठी मरळ हुडकत फिरतो. आणि पेपरात फोटो आला की पुढच्या रविवारी वीस पोरं लाल थवा शोधत तलावाला. आपल्या फोटोची ताकद आपल्याला माहीत नसंल तर सांगतो, आमच्या गल्लीतल्या दोघांनी मला बातमी दाखवून विचारलं, काका हा बेडूक कुठं मिळतो?

तवा विनंती एवढीच की असा फोटो आला तर बातमीदारानं दोन प्रश्न विचारावेत, कोणत्या महिन्यात धरला आणि खाली पिल्लं होती का. होती म्हणला तर फोटो नका छापू. सोडून दिलेल्या माशाचा फोटो आला तर पहिल्या पानावर छापा, माझी काही हरकत नाही.

आणि त्या फोटोतल्या पोराला माझा निरोप द्या. मी त्याच्यावर चिडलो नाही, त्या वयात मीबी तेच केलं. लेकीनं परवाच रबरी बेडकांची दोन पाकिटं पाठवलीत, माझ्या एकट्याच्यानं संपणार नाहीत. दिवाळीनंतर गंगाखेडला घाटावर ये म्हणावं, एक पाकीट त्याचं.

आपला जुना वाचक,
गंगाखेड, जि. परभणी