गच्चीवरच्या पत्र्याबाबत चौथे पत्र

प्रति,
मा. अध्यक्ष व कार्यकारिणी

विषय : ७०१ यांनी गच्चीच्या कठड्याला बांधलेला पत्रा

महोदय,
स. न. वि. वि.

आधीची तीन पत्रं आपल्या फायलीत असतीलच. नसल्यास झेरॉक्स माझ्याकडे आहेत. मागच्या सभेत ७०१ चे सद्गृहस्थ म्हणाले, "पंचवीस किलोचा पत्रा, कुठे उडून जातोय?" सगळे हसले. आपणही हसलात. म्हणून आज हिशेबच मांडतो.

पत्रा दहा बाय सहा फूट, म्हणजे साधारण साडेपाच चौरस मीटर. समोरून येणाऱ्या वाऱ्याचा दाब काढायचा तर सेकंदाला किती मीटर हा वेग घ्यायचा, त्याचा वर्ग करायचा आणि ०.६ ने गुणायचं. उत्तर न्यूटनमध्ये, दर चौरस मीटरला; साधारण दहा न्यूटन म्हणजे एक किलोचा भार. हे सूत्र माझ्या पदरचं नाही, भारतीय मानक ८७५ च्या तिसऱ्या भागात आहे. ताशी ६० किलोमीटरच्या वाऱ्याला अख्ख्या पत्र्यावर ९०-९५ किलोंचा रेटा येतो. १७ मे २०२१ ला तौक्ते वादळात कुलाब्याला ताशी ११४ चा झोत नोंदला गेला. त्याला ३४० किलो. वेग दुपटीलाही पोचला नाही, रेटा साडेतीन पटींच्या वर गेला. मुंबईसाठी मानकाने मूळ वेग सेकंदाला ४४ मीटर धरलाय, तो आकडा आपणच घालून पाहावा. पत्र्यामागची ओढ मी धरलेलीच नाही. उगाच फुगवून सांगतो असं व्हायला नको.

आणि हे सगळं अडवायला काय, तर बाइंडिंगची तार. चार ठिकाणी. रविवारी वर जाऊन पाहिलं : डावीकडचं वरचं भोक लांबट झालंय, खाली कठड्यावर गंजाची तांबडी पूड पडलीय. रात्री दोनला तो पत्रा थडथडतो ते वेगळंच. मागच्या दिवाळीतला त्यांचा जिन्यातला चपलांचा रॅक मी सोडून दिला, पाणी वाहणाऱ्या एसीचंही काही बोललो नाही.

गच्ची सामाईक आहे, लेखी परवानगीशिवाय तिथे काही बांधता येत नाही, हे उपविधीत आहे. माझ्या खिडकीतल्या कुंड्यांचा विषय कृपया इथे काढू नये; त्या आतल्या बाजूला आहेत, दोन सोडून. पाचव्या मजल्यावरच्या काकूंचंही माझ्यासारखंच मत आहे. सभेत त्या बोलणार नाहीत इतकंच.

घाटकोपरचं होर्डिंगही १३ मे २०२४ च्या दुपारपर्यंत उभंच होतं. १७ माणसं गेली.

आठ दिवसांत पत्रा उतरवावा. ते जमणार नसेल तर पावसाळा संपेपर्यंत आपली गाडी माझ्या, म्हणजे बरोबर पत्र्याखालच्या, सात नंबरच्या जागेत लावावी. माझी मी आपल्या जागेत लावीन. किल्ली वॉचमनकडे ठेवतो.

आपला,
६०१