बोटीचं छत वाजवून बघा

संपादक महोदय,

शिरपुरात मी तीस वर्षं कूलर अन् टाक्यांचं फायबरचं काम केलं. परवा तापीकाठी मुंबईहून आणलेली जुनी शिडाची बोट पाहिली. केबिनच्या छपरावर दिवे बसवायला कुणी सरळ स्क्रू मारलेले. ते छप्पर भरीव नसतं हो! फायबरच्या दोन पातळ थरांमध्ये बहुधा हलकं बाल्सा लाकूड किंवा प्लायवुड असतं. भोकातून पाणी शिरलं की लाकूड आत कुजतं, वरून मात्र चकचकीत. टरबूज पारखतो तसं ठोकून बघा. फक्त हिशेब उलटा: टणटण वाजलं तर ठीक, भद्द वाजलं तर पाय जपून. भोक आधी मोठं पाडावं, इपॉक्सीनं, म्हणजे वाळून कडक होणाऱ्या चिकट राळेनं, भरावं, घट्ट झाल्यावर त्यातूनच स्क्रू घ्यावा. मालकाला सांगितलं, तर म्हणाला, “सिलिकॉन लायेल शे ना भाऊ!”

– एक निवृत्त कारागीर, शिरपूर